दंडावरच्या देवी

औशाच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. पडद्यामागून डॉक्टरीणबाई आणि नातीला घेऊन आलेल्या आजीचं बोलणं ऐकू येत होतं.

"सृष्टीला गोवरची लस न्हाई द्यायची. काय घालायलेत त्यात, कोणाला ठाव?"

"आजी, तुम्ही कधीच लस घेतली नाही?"

"आजपतोर न्हाई! तरी ठणठणीत हाय."

"मग दंडावर हे वण कशाचे?"

"हे व्हय? लहानपणी देवी काढल्या होत्या."

"तीच देवीची लस, आजी."

"ते येगळं. थोरली बहीण देवी येऊन मेली, म्हणून मायनं मला धरून काढल्या."

"माय भ्याली नाही?"

"भ्याली की. लई रडली, पण हात सोडला न्हाई."

"मग सृष्टीचं काय करायचं?"

"बाटली दाखवा आधी. अन् पोरीला मीच धरणार. दुसऱ्या कोणी हात लावायचा न्हाई."