पेटीतल्या अक्षता

नाही नाही, मिक्सरला वाहते ना मी अक्षता, स्कूटरला वाहते, विळीला वाहते, दसऱ्याला घरातल्या पोटापाण्याच्या वस्तूंची पूजा करायची हे मला सासूबाईंनीच शिकवलं, मग ह्यांनी चौदा महिने खपून घडवलेली स्पीकरची जोडी तेवढी वगळायची? तुम्हीच सांगा, चुकलं का माझं?

आमचे हे, म्हणजे श्रीरंग, आगाशीला आमच्या वाडीतच, मागच्या पडवीत स्पीकर बनवतात. बाजारात मिळतात तसले नव्हेत हो! वाडीतल्याच फणसाचं लाकूड, चार वर्षं सुकवलेलं, हाताने रंधा मारलेलं, वर लाखेचं पॉलिश, एकेक पेटी चाळीस किलोची... जोडी व्हायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं आणि गिऱ्हाईक यायला त्याहून जास्त! यंदा ह्यांनी सांगूनच टाकलं, "जयू, ही जोडी नाही गेली ना, तर दिवाळीनंतर वापीला फॅक्टरीत नोकरी धरतो. तिकडेच खोली घेईन." आणि रंध्यावरून हात फिरवत बसले, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणून दसऱ्याला जरा... सढळ हाताने वाहिल्या अक्षता. आता त्या पेटीला समोर खालच्या बाजूला एक गोल भोक असतं, वारा जायला की आवाज यायला कोण जाणे, आणि नमस्कार करून डोळे उघडले तर बऱ्याचशा अक्षता वर आणि काही... दिसेचनात!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाणं लावलं. तबल्याचा डग्गा घुमला की डाव्या पेटीतून आवाज. चर्र. पुन्हा घुमला, पुन्हा चर्र. हे म्हणाले, "घरात काहीतरी वाजतंय." कारण ह्यांच्या पेटीत दोष असेल, हे ह्यांच्या स्वप्नातसुद्धा येत नाही ना!

मग काय विचारता... आधी फ्रिज बंद केला, दोन लिटर दूध नासलं. मग खिडक्यांच्या फटीत माझ्या जुन्या साड्यांचे बोळे. मग माझ्या बांगड्या! "जयू, तू श्वास हळू घे." घ्या! आणि शेवटी देवघरापाशी आले. घंटेला मोजा घातला हो, ह्यांचा पूर्वीच्या ऑफिसच्या वेळचा जुना मोजा! भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी काढून पलंगावर ओळीने उताण्या निजवल्या. अपराध माझा आणि शिक्षा देवांना! दोनदा तोंड उघडलं मी सांगायला, पण वाटलं, सांगितलं तर हे पेटी फोडतील, रविवारी गिऱ्हाईक यायचंय, पॉलिश जाईल, गिऱ्हाईक जाईल आणि माझ्यामुळे हे वापीला जातील. गप्प बसले. चुकलं का माझं?

हातावर हात धरून नाही हं बसले! उदबत्तीच्या काडीला मध लावायचा आणि हे आंघोळीला गेले की ती भोकातून आत फिरवायची. चार दिवसांत दाणा एक निघाला, आणि मग आत मध सांडून मुंग्या लागतील ह्याची धास्ती वेगळीच! तेव्हा नवस बोलले. जीवदानीला अनवाणी चढेन. भवानीशंकराला अकरा सोमवार. गणपतीला एकवीस मोदक. गोड सोडलं, म्हणजे मोदक करायचे आणि बघत बसायचं! पाचवा शेजारच्या मायकलच्या सांगण्यावरून देवमातेला मेणबत्ती, म्हटलं, कुठूनही सुटू दे बाई.

रविवारी गिऱ्हाईक आलं. सॅन्टनभाऊ, गास गावचे, जहाजावर इंजिनियर होते, आता चर्चच्या कॉयरला गाणं शिकवतात. स्वतःची रेकॉर्ड काखेत घेऊन आले, ऑर्गनची. डोळे मिटून बसले. सुरुवातीला सगळं गोडगोड... आणि मग तो ऑर्गन जो खाली उतरायला लागला, खाली, खाली, मी पदराची गाठ घट्ट धरलेली, आणि... चर्र!

हे म्हणाले, "बाहेरून रिक्षा गेली वाटतं."

सॅन्टनभाऊ म्हणाले, "रिक्षा तुझ्या डाव्या पेटीत शिरली काय रे, श्रीरंग?"

पुन्हा लावली. पुन्हा तिथेच चर्र. ते उठले, रेकॉर्ड पाकिटात घातली, "काम सुंदर आहे. दोष सापडला की फोन कर." आणि ह्यांचा चेहरा... अहो, वापीची अख्खी खोली दिसली मला त्या चेहऱ्यावर! पलंग, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेला एक बनियन...

"अक्षता आहेत त्यात!" मीच ओरडले.

"कसल्या अक्षता?"

"दसऱ्याच्या. मी वाहिल्या. भोकातून गेल्या."

"आणि नऊ दिवस मी देवांना मोजे घालतोय?"

मला रडूच फुटलं. पण सॅन्टनभाऊ इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "अरे बघतोस काय, चादर अंथर!" दोघांनी मिळून पेटी उचलली, पालथी केली, हलवली. पडले की हो! सात दाणे, कुंकवाने लाल, आणि झेंडूची एक पाकळी. ह्यांनी दाणे वेचून माझ्या तळहातावर ठेवले, बस्स.

मग पुन्हा ऑर्गन. खाली, खाली, अजून खाली... काहीच नाही! म्हणजे आवाज कानाला नाहीच, सरळ पायाखालच्या फरशीला कळला. सॅन्टनभाऊंनी डोळे पुसले. म्हणाले, "घेतो. दोन्ही पेट्या, आजच."

मला तर वाटलं, आता सुटले... तर दारातून सॅन्टनभाऊ वळून म्हणतात, "वहिनी, तुमचं पटलं हं मला. नवी वस्तू देवाच्या नावाने सुरू करावी. येत्या रविवारी फादरना घरी बोलावतो, पेट्यांवर चांगलं पवित्र पाणी शिंपडून घेतो. पडद्यावर, भोकात, सगळीकडे!"

पाणी! अहो, आवाज ज्याच्यातून येतो तो पडदा कागदाचा आहे, भिजला की संपलं! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तूच काहीतरी बोल म्हणून. मी कुठल्या तोंडाने बोलू? ज्या हाताने अक्षता वाहिल्या, त्याच हाताने दुसऱ्याच्या देवाचं पाणी अडवू?

म्हटलं, "सॅन्टनभाऊ, फादरना सांगा, थोडंसंच." आणि तिथल्या तिथे, उंबऱ्यात उभ्या उभ्या, सहावा नवस बोलले.