दौंडच्या टपालाआधीचा नारळ

माननीय अध्यक्ष योहानसाहेब, मंचावरचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती हेलेनाबाई, आणि शिरूरकर बंधुभगिनींनो,

हेडमास्तर म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलंय. मी दोनांवर थांबत नाही, हे मुलांना ठाऊक आहे.

बाईंचा जन्म पोलंडचा. लढाईत घर गेलं आणि पंधराव्या वर्षी त्या निर्वासितांबरोबर कोल्हापूरला आल्या. छावणी उठली, बाकीचे गेले, बाई राहिल्या. पुण्यात फ्रेंच घेऊन एम.ए. झाल्या आणि एक्कावन्न साली आपल्या मिशन शाळेत इंग्रजी शिकवू लागल्या. शाळा सुटली की जुन्या फ्रेंच नाटकांवरचा प्रबंध लिहायच्या. शिरूरमध्ये फ्रेंच बोलणार कुणाशी? मी विचारलं, तर म्हणाल्या, "कागदाशी."

सहा वर्षांनी प्रबंध पुरा झाला. महिनाअखेर तो फ्रान्सच्या विद्यापीठात पोचायलाच हवा होता, नाहीतर सगळं पाण्यात. दौंडच्या रेल्वे टपालात द्यायचं ठरलं. वडगाव रासाईच्या सर्जेराव आप्पांच्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. आप्पांनी जीप काढली, मीही बरोबर होतो. निघताना आप्पांनी कापडात शिवलेलं पुडकं बॉनेटवर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या लांब जायाचं हाय, नारळाबिगर कसं धाडायचं?" नारळ फोडून त्यांनी पाणी शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच!

पुडकं उसवून पाहिलं, तर वरच्या चौदा पानांवर शाई फुटलेली. मी भर चौकात आप्पांना अडाणी म्हणालो. बाई पुडकं घेऊन जीपमध्ये चढल्या. दौंडच्या वेटिंगरूममध्ये बसून त्यांनी चौदा पानं पुन्हा लिहिली, आप्पा शेजारी दौत धरून उभे. टपाल सुटायला दहा मिनिटं असताना आप्पांनीच पुडकं शिवलं, पोती शिवायच्या दाभणानं.

प्रबंध वेळेत पोचला, मान्य झाला. आज त्याच विद्यापीठात बाई फ्रेंच साहित्य शिकवायला निघाल्यात. फ्रेंचांना फ्रेंच शिकवायला, शिरूरहून! मला फार अभिमान वाटतो.

पण त्या दिवसापासून चार वर्षं आप्पांनी शाळेची पायरी चढली नाही. आज आलेत, तेही दाराशीच उभे आहेत. आप्पा, पुढं या. बाईंनी कालच मला बजावलंय, "दौंडला मी आप्पांच्या जीपमधूनच जाणार. नारळ त्यांनीच आणायचा. मागचा फळला."

मंडळी, आपण वेळ काढून आलात, शाळा आपली ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. आजवर मी ते सभेला म्हणत आलो. आज एकट्या आप्पांना म्हणतो. अडाणी मी होतो, आप्पा. पोटात घाला.