काट्यावरचा आवाज

आमचे हे गेले, पण त्यांचा आवाज पुढे दोन महिने साखर कारखान्यात कामावर जात होता.

कोपरगावजवळच्या त्या कारखान्याचे संगणक हेच सांभाळायचे. वजनकाट्याच्या भोंग्यावरचं "पुढची गाडी घ्या" त्यांनीच रेकॉर्ड केलेलं. आमची कॉलनी शेजारीच. सकाळी तो आवाज आला की सासूबाई ह्यांचा चहा गाळून ठेवायच्या. शेवटी मी ह्यांच्या जागी आलेल्या गायकवाडला म्हणाले, "तेवढा आवाज बदल."

त्याने स्वतःचा आवाज भरला. दुसऱ्या सकाळी भोंगा बोलला, तो ह्यांच्याच आवाजात. मी तडक काट्यावर गेले. गायकवाडचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, मशीन माझ्या फाइलीला हातच लावंना. आपल्या सायबांनी जायच्या आधीच नियम घातलाय, त्यांची खूण असंल तीच फाइल वाजवायची. नोंदीत येतंय, परवानगी नाकारली."

"कोणी नाकारली?"

"आता काय सांगू? सायबांनीच की."

तेवढ्यात बाहेर ह्यांनी पुढची गाडी बोलावली.

"ती खूण तुला लावता येते?"

"येती. पन तुमी म्हना."

"लाव."

पुढची हाक गायकवाडच्या आवाजात गेली. उसाच्या गाडीवरचा म्हातारा गाडीवान बैल थांबवून भोंग्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाई, सायब न्हाई आले व्हय आज?"

"नाही," मी म्हणाले. "आजच गेले."