गोठ्याच्या दारातले सर

सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून नवीनच लागले होते. केळझरला एक गाय अडली. वासराचा पाय आत दुमडलेला, मला काही तो सरळ करता येईना. घाबरून मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते आले, पण गोठ्याच्या दारातच थांबले.

मालक म्हणाला, “साहेब, आता तुमीच पाहा!”

“काऊन? डॉक्टर आहे ना तिथं.” मग मला म्हणाले, “वासरू आधी मागं लोट. खूर मुठीत धरून मंग पाय ओढजो.”

थोड्या वेळानं वासरू जिवंत बाहेर आलं.

परतताना मी चिडून विचारलं, “सर, तुम्ही हात का नाही लावला?”

“मी लावला असता, तर उद्या त्यानं तुले बोलावलंच नसतं.”

“अन् वासरू गेलं असतं तर?”

“म्हणून तं बाह्या वर करून उभा होतो!”