ओळखीची खूण : नाही

मी, बाजाराच्या रस्त्यावर 'फोटोवाले' या नावाने ओळखला जाणारा, वय ५१ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार स्टुडिओच्याच वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीसमोर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व एक मुलगी यांच्यासह राहतो. पत्नी शाळेच्या प्रयोगशाळेतले सामान सांभाळण्याचे काम करते. मुलीचे वय १७ वर्षे ४ महिने. पायाला भिंगरी लागलेली असल्यामुळे तिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणतात व ती त्यालाच ओ देते. ती उभ्याने जेवते, अभ्यास जिन्यात येरझाऱ्या घालत करते. स्टुडिओतल्या स्टुलावर सलग एक मिनिट बसलेली मी तिला पाहिलेली नाही, आणि माझा धंदाच लोकांना एक मिनिट बसवण्याचा आहे.

स्टुडिओत मुख्य काम पासपोर्टच्या फोटोंचे. पांढरा पडदा, दोन दिवे, एक स्टूल. हनुवटी सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचे नाही. गेल्या एकवीस वर्षांत या रस्त्यावरून जे कोणी परदेशी गेले ते माझ्या स्टुलावर बसूनच गेले, असे मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. मी स्वतः कुठेही गेलेलो नाही. हे कोणी विचारले नव्हते, पण मी बोललो म्हणून लिहून घेतले आहे.

भिंगरीला लाकडी होड्या बांधायला शिकायचे आहे. आमच्याकडे नदी नाही, समुद्र नाही. पाणी म्हणजे समोरच्या टाकीतले. तरी वयाच्या दहाव्या वर्षापासून ती फ्रेमांच्या उरलेल्या पट्ट्यांच्या होड्या करते व बादलीत सोडते. सुरुवातीच्या सगळ्या बुडाल्या. हल्लीच्या बुडत नाहीत. परदेशात समुद्रकाठच्या एका गावी असल्या होड्या बांधायला शिकवणारी शाळा आहे, हे तिचे तिने शोधून काढले. तिथल्या मास्तरांना तिने पत्रे लिहिली, होड्यांचे फोटो पाठवले. ते फोटोही तिनेच काढले होते, मला विचारले नव्हते. गेल्या महिन्यात तिला तीन वर्षांसाठी जागा मिळाल्याचे पत्र आले. चालू महिन्याच्या १३ तारखेच्या आत पासपोर्टचा अर्ज दाखल झाला नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाते. मुलगी सज्ञान नसल्याने अर्जावर आई व वडील दोघांची सही लागते. आईने पत्र आले त्याच दिवशी केली. माझी राहिली होती.

मी नाही म्हणालो नव्हतो. आज गिऱ्हाईक आहे, उद्या प्रिंटर बिघडलाय, असे चालले होते. पत्नी मला एकदा म्हणाली, "नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणा. नुसती चालढकल करू नका, ती आता लहान नाही." त्यावर मी अशी तोड काढली की आधी पासपोर्ट कार्यालयाच्या खिडकीवर अर्ज व फोटो तपासून आणावा, तो बरोबर निघाला की सही करतो. फोटो अर्थातच मी काढणार होतो.

३ तारखेला सकाळी ११ वाजता मी तिचा फोटो काढला व आठ प्रती दिल्या. १० तारखेला मायलेकी शेजारच्या शहरातल्या कार्यालयात गेल्या. बसने सव्वा तास लागतो. खिडकीवरच्या बाईंनी फोटो पाहिला, मुलीकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला आणि भुवईवरचा वण कुठे गेला असे विचारले. फोटोत वण नव्हता. अर्ज परत आला.

इथे एक खुलासा करतो. फोटोतले डाग, सुरकुत्या, पुटकुळ्या काढून टाकण्याला आमच्या स्टुडिओत 'हात फिरवणे' म्हणतात. समारंभाचे, शाळेचे, ओळखपत्राचे फोटो मी हात फिरवूनच देतो. हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांच्या ओळखपत्राचा फोटो माझाच आहे व त्यात त्यांच्या डोळ्यांखाली काहीही नाही. पासपोर्टच्या फोटोवर मात्र हात फिरवायचा नसतो, चेहरा आहे तसा लागतो. हा नियम मला पाठ आहे आणि एकवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी तो मोडलेला नाही.

त्या संध्याकाळी भिंगरीने आठही फोटो काउंटरवर ओळीने मांडले व मी हे मुद्दाम केले का असे विचारले. मी सांगितले की नाही, सवयीने हात फिरला. ती म्हणाली, "मग माझ्यावरच कसा फिरतो?" मी आवाज चढवला. तिकडे तुझे कोण आहे, होड्या बांधून कोणाचे पोट भरले, वगैरे बरेच बोललो. शेवटी पत्नीने शटर ओढून घेतले, कारण रस्त्यावर ऐकू जात होते. मी मुद्दाम केले नाही हे आजही शपथेवर सांगतो. पण मनात खोल कुठे काय होते ते मलाच नीट माहीत नाही, त्यामुळे त्याबद्दल शपथ घेत नाही.

आज ११ तारखेला पत्नी सकाळी ८ वाजता कामाला गेली. मी स्टुडिओ उघडून ९ वाजून १० मिनिटांनी चहासाठी वर गेलो तेव्हा भिंगरी घरात नव्हती. तिची पाठीवरची पिशवी व अर्जाची फाईलही नव्हती. टेबलावर चिठ्ठी होती, 'फोटो काढायला जाते.' फोटोवाल्याच्या घरात अशी चिठ्ठी ठेवली म्हणजे तिला काही तरी वेगळेच सांगायचे असणार, असा माझा समज झाला. माझी मुलगी दुसऱ्याच्या स्टुडिओत फोटो काढायला जाईल हे माझ्या डोक्यातही आले नाही. फोन बंद लागत होता. मैत्रिणीकडे, वाचनालयात, लाकडाच्या वखारीत विचारून आलो. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी मी या ठाण्यात ती हरवल्याची तक्रार दिली. सोबत शोकेसमधला तिचा सर्वात चांगला आलेला फोटो दिला.

तक्रारीच्या कागदावर 'ओळखीची खूण' असा रकाना आहे. हवालदारांनी दोनदा विचारले व मी दोन्ही वेळा 'नाही' असे सांगितले. ही माहिती खोटी होती. आदल्या दिवशी त्याच वणावरून घर डोक्यावर घेतले होते, त्यामुळे विसरलो म्हणायची सोय नाही. वण सांगितला असता तर तो कशाचा असे विचारले गेले असते. तो प्रश्न मी तेरा वर्षे टाळत आलो आहे.

दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी शेजारच्या शहराच्या बसस्थानकावर ड्यूटीवर असलेल्या महिला शिपायांनी एका मुलीला थांबवले व फोनवर आलेला फोटो तिच्यासमोर धरला. मुलगी म्हणाली, "हा माझा फोटो नाही." त्यांनी नीट पाहिले. फोटोतल्या मुलीची भुवई अखंड, समोरच्या मुलीच्या डाव्या भुवईला मधोमध खाच, आणि कागदावर खूण नाही. त्यांनी तिला जाऊ दिले. यात त्यांचा काही दोष नाही, हे मी आवर्जून नमूद करतो.

त्यांनी रीतीप्रमाणे इथे कळवले. हवालदारांनी मला विचारले, "फोटोवाले, मुलीच्या भुवईवर काही आहे का?" मी हो म्हणालो.

सदर वण ती चार वर्षांची असतानाचा आहे. मी तिचा फोटो काढत होतो व ती स्टुलावर बसेना. मी दरडावून बसवले आणि घाईघाईत दिव्याचा स्टँड पेच न आवळताच उभा केला. ती उठली, पाय वायरीत अडकला, स्टँड तिच्यावर आला. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला असे डॉक्टर म्हणाले. विचारणाऱ्यांना मी 'खेळताना पडली' असे सांगत आलो. त्यानंतर तिचा एकही फोटो मी वण ठेवून स्टुडिओबाहेर जाऊ दिलेला नाही.

ठाण्यातून वण दिसेल असा फोटो मागण्यात आला. मी घरी जाऊन शोधले. शाळेचे, सहलीचे, वाढदिवसांचे, तेरा वर्षांचे चारशेच्या वर फोटो असतील. प्रत्येकात भुवई अखंड. मूळ फोटो मी ठेवत नाही, हात फिरवलेलाच ठेवतो. सगळ्या रस्त्याचे चेहरे माझ्या कपाटात आहेत आणि माझ्या मुलीचा नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसलो व रडलो.

तेवढ्यात निरोप मिळून पत्नी शाळेतून धावतपळत आली. तिच्या फोनमध्ये एक फोटो निघाला. गच्चीवर भिंगरी, हातात बादली, बादलीत होडी, आणि बाईसाहेब तोंड भरून हसताहेत. फोटो हललेला, ऊन मागून, एक कान कापलेला. माझ्या दुकानातून असा फोटो गेला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. पण वण स्वच्छ दिसत होता. तोच पाठवला. ४ वाजून २० मिनिटांनी महिला शिपायांना भिंगरी त्याच बसस्थानकावर आमच्याकडे येणाऱ्या बसची वाट पाहताना सापडली. बाक रिकामा असून उभी होती. म्हणजे ती घरीच यायला निघाली होती.

सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी त्या तिला इथे घेऊन आल्या. तिने सांगितले की तिने सकाळी शहरातल्या एका स्टुडिओत फोटो काढला, खिडकीवर दाखवला, तो मान्य झाला, आता फक्त वडिलांची सही बाकी आहे. फोनची बॅटरी उतरली होती. कोणी फूस लावलेली नाही. महिला शिपायांशी खोटे का बोललीस असे विचारता ती म्हणाली की ती खोटे बोललीच नाही, तो फोटो तिचा नव्हता. त्यावर हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

मग ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्ही मला पुसलंत."

मी तिला स्टँडचे सांगितले. पेच मी आवळला नव्हता, हे तेरा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडले. ती म्हणाली, "माहीत आहे. आईने कधीच सांगितलंय. मी तो वण रोज आरशात बघते, मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हालाच वाटतं." पत्नी बाजूच्या बाकावर होती. तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

शहरातल्या स्टुडिओचा फोटो मी पाहिला. दिवा फार जवळ घेतलाय, केसांची एक बट सुटलीय, हनुवटी जरा खाली आहे. वण आहे तिथे आहे. त्या माणसाने हिला मिनिटभर कसे बसवले, असे मी विचारले. बसवलेच नाही, उभी राहू दिली आणि उभ्यानेच काढला, असे तिने सांगितले. हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. फोटो चांगला आहे. तोंड माझ्या मुलीचे आहे आणि जायला निघालेल्या माणसाचे आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आधीच्या कागदावरील 'नाही' खोडून तिथे 'डाव्या भुवईवर मधोमध वण, वडिलांच्या निष्काळजीपणामुळे' असे लिहावे, ही विनंती. ती एकदा गेली की तिकडच्या पाण्याचीच होईल आणि मला वरच्या मजल्यावर बादली तेवढी उरेल, अशी मला भीती होती व अजून आहे. पण आज दुपारी शिपायांनी तिला जाऊ दिल्यावर सव्वा तास ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. त्या सव्वा तासापेक्षा परदेश जवळ आहे. तिथला पत्ता आमच्याकडे आहे, मास्तर पत्राला उत्तर देतात. तिला जायचे आहे आणि तिने जावे असे मला वाटते. उद्या १२ तारखेला स्टुडिओ बंद ठेवून आम्ही तिघे पहिल्या बसने खिडकीवर जाणार आहोत.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. काही वाक्ये जरा नीटनेटकी करू का आणि 'रडलो' हा शब्द गाळू का, असे त्यांनी आपुलकीने विचारले. मी नको म्हणालो. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे. सहीसाठी त्यांनी पेन दिले. त्या पेनाने मी आधी भिंगरीच्या अर्जावर सही केली, मग इथे केली आहे.