लुत्सिनाबाईंचं सूत

नाही, तुमच्या आई, लुत्सिनाबाई, खोलीत नाहीत, दानुताताई, वरच्या हॉलमध्ये आहेत, आणि आत्ताच जाऊ नका — किंगाचा तास चाललाय. किंगा कोण? नवीन आलीय, चार महिने झाले. म्हणजे या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचं मन रमवायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडेच आहे, पण हल्ली जो तो किंगालाच विचारतो. बसा ना. कोट काढा. डब्लिनचं विमान वेळेवर आलं?

तर माझं कसं होतं — सोमवारी तंबोला, बुधवारी गाणी, शुक्रवारी रंगीत कागद. चाळीस जणांना सगळं सारखं, कुणी डावं-उजवं म्हणायला नको. तुमच्या आई तंबोल्याला यायच्या, पण तोंड खिडकीकडे. एक आकडा खोडायच्या नाहीत. मी मागून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मला वाटायचं, बाई तिरसट आहेत — राग मानू नका, पण वाटायचं. आणि ही किंगा, आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि नुसते ओठ हलवले. आवाजच नाही. तर तुमच्या आई — तीन वर्षांत मला 'हं'च्या पुढे काही मिळालं नव्हतं — त्या बोलायला लागल्या, तशाच, बिनआवाजाच्या. अर्धा तास. तुमच्या वुच शहरातल्या कापडगिरण्यांत मागांच्या खडखडाटात बायका अशाच बोलायच्या म्हणे. मग हिने सुताची रिळं आणली. तुटलेला धागा जोडायची गाठ आई डोळे मिटून मारतात, आता सहा जणी समोर बसून शिकतात, आणि चुकलं की आई बोटांवर टपली मारतात. परवा मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत किंगाची पाठ थोपटली. मी तिथंच कॉफीचे कप गोळा करत होते. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

जळते? मी कशाला जळू तिच्यावर, माझ्या मुलीपेक्षा लहान आहे ती. मी एवढंच म्हणते, यात तिची हुशारी कसली? तिने का काही शोधून काढलं? सगळं लिहिलेलंच होतं. गिरणी, सूत, 'आईला ऐकू येत नाही, समोर बसून बोला' — तुमच्याच पत्रात. तिला टेबल हवं म्हणून माझंच दिलं, खणासकट, त्यात तिला सापडलं, आणि पाकीटही तिनेच फोड—

हो. तेच पत्र. आई इथे आल्या तेव्हाचं.

नाही, वाचलं नव्हतं. सावकाश वाचू म्हटलं आणि राहिलं. सगळ्यांचेच नातेवाईक काही ना काही लिहून देतात हो — आणि सगळ्या चिठ्ठ्यांत तेच असतं, आमच्या आईला जपा. मला काय माहीत, तुमच्या पत्रात असं काही असेल म्हणून.

असं बघू नका, ताई. मी घरी आरशासमोर बसून शिकलेय, ओठांनी बोलायला. मंगळवारी किंगा सुट्टीवर होती, तर गेले त्यांच्यासमोर, बसले, म्हटलं — 'माझं चुकलं.' त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मोठ्यांदा म्हणाल्या, हॉलभर ऐकू जाईल असं, "ही काय म्हणतेय? किंगाला बोलवा."

माझे ओठ नीट हलले नसतील.

जा तुम्ही वर. तास संपला असेल.

तो तुमचा कोट न्या बरोबर.