पंचफुलामावशीची फोरलाइन

...अन् सडकेले नाव कोन ठेवून राह्यलं? सडक चांगली झाली, तिच्याबद्दल आपलं काई म्हननं नाई. हैदराबादहून निघालेला टरक आमच्या गावावरून पैनगंगेकडे असा जाते का डायवरच्या हातातला चहा सांडत नाई... पन फोरलाइन म्हंजे नुसतं डांबर नसते ना, मधात डिवायडर असते, डिवायडरवर माती असते, मातीत फुलझाडं लावा लागतेत, अन् आमच्या पंचफुलामावशीच्या घरी अकरा बकऱ्या हायेत, हे त्या ठेकेदाराच्या मानसायले कोन सांगनार होतं?

तुमाले सांगतो, पयल्या खेपेले टरकभर रोपं आली. हिरवी, कवळी, लुसलुशीत. आठ दिवसात नुसत्या काड्या उभ्या. दुसऱ्या खेपेले सुपरवायझरनं बाजूनं काटे लावले, बकऱ्यायनं काट्यावरून उडी मारली. तिसऱ्या खेपेले त्यानं बकऱ्याच धरल्या अन् ठेकेदाराच्या कॅम्पातल्या सिमेटच्या शेडमंदी कोंडल्या. कारन काय, तर सोमवारी मोठे सार, म्हंजे वरचे सायब, झाडं पाहाले येनार होते, अन् झाडं तर बकऱ्यायच्या पोटात.

मावशीले खबर लागली. त्या बकऱ्यायवर तिची पोरगी आदिलाबादले मास्तरीनबाईचं शिकत होती. मावशी तशीच उठली, कॅम्पात गेली, शेडच्या दारात फतकल मारून बसली.

सुपरवायझर तेलुगूवाला, करीमनगरकडचा. मानूस वाईट नाई, पन सोमवारच्या धाकानं रडकुंडीले आला होता. म्हने, "अम्मा, तुम्हारी बकरी मेरी नौकरी खा रही."

मावशीची हिंदी म्हंजे कशी, मराठीच, फक्त जोरानं. ती म्हने, "सायेब, तुम लगाता वो झाड नाई, बकरी का जेवन का ताट हाय. कन्हेर लगाव, कन्हेर."

"क्या नहर?"

"कन्हेर."

"नहर इधर किधर है अम्मा? नहर तो इरिगेशनवालों का काम है."

आता काय करावं सांगा... अर्धा घंटा तो कालव्याचं समजावून राह्यला अन् ही झाडाचं. शेवटी मावशी उठली, नाल्याच्या काठी गेली, गुलाबी फुलायची एक फांदी तोडून आनली अन् त्याच्या टेबलावर नकाशावर ठेवली. त्यानं फांदी उचलून पाह्यली. मंग आपल्या तेलुगूत म्हने, "ओ... गन्नेरू."

"गन्नेरू म्हन, नाईतर काई म्हन. बकरी तोंड लावत नाई, विष असते त्यात."

त्यानं शेड उघडलं, फांदी बकऱ्यायच्या पुढे धरली. मोठ्या बकरीनं वास घेतला अन् असं तोंड फिरवलं, जशी पंगतीत रुसलेली विहीन. सुपरवायझर पयल्यांदा हासला. अकराच्या अकरा बकऱ्या सोडून देल्या, अन् दुसऱ्याच दिवशी नाल्याच्या काठच्या कन्हेरीच्या कांड्या डिवायडरवर लागल्या.

सोमवारी मोठे सार आले. कांड्यायले अजून पानबी फुटलं नवतं. त्यायनं इचारलं, "ये क्या है?" सुपरवायझर खोटं बोलला असता तर कोनाले समजलं असतं? पन तो म्हने, "सार, ये इस अम्मा का दिमाग है." सायबानं नाव इचारलं. मावशी म्हने, पंचफुला. सायब म्हने, नाम में ही गार्डन है, इसी को पानी डालने को रखो. अन् झाली ना मावशी नोकरदार. अंगात भगवं जाकीट, हातात टँकरचा पाइप. सडक चांगली झाली म्हनतो ते उगाच नाई.

पन मावशीचं काम म्हंजे काम. तिनं त्या कन्हेरीले असं वाढवलं, जशी दुसरी लेकच. दोन वर्सात छातीइतकी झाली, अन् दाट किती, तर इकडचा मानूस तिकडच्याले दिसत नाई. गुलाबी फुलायची रांग नदीपर्यंत. एस्टीतले लोक खिडकीतून पाहातेत. पोरगी मास्तरीन होऊन पगार आनून राह्यली, मावशीचं सगळं बरं चाललं.

फक्त चरायचं रान पडलं सडकेच्या पलीकडे. पयले मावशी अकराही बकऱ्या घेऊन डिवायडरवरून दोन मिन्टात पार व्हायची. आता डिवायडरमधला कट हाय दीड किलोमीटरवर. कटापर्यंत दीड, पलीकडून रानापर्यंत मागं दीड, अन् संध्याकाळी घरी येताना पुन्हा तेच. नवरा बाबाराव म्हने, "दोन झाडं उपट ना, वाट होते."

मावशी म्हने, "हात लावून पाहा झाडाले."

आता रोज जाते, पुढे मावशी, मागं अकरा बकऱ्या. परवा कटाच्या कोपऱ्यावर दम खायले थांबली, बकऱ्यायकडे पाह्यलं अन् म्हने, "चला बायांनो. तवा तुमाले पोटभर खाऊ देलं असतं, तर आज वाट राह्यली असती."